'सर्वसाधारण दर' म्हणजे सरासरी का?

प्रश्न असा आहे: सोलापूर बाजार समितीतले कांद्याचे दर घेऊन पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम करतोय. 'स्टॅटिस्टिक्स' लायब्ररीत मीन, मीडियन, मोड अशी तीन फंक्शनं मिळतात. मराठीत यांपैकी 'सरासरी' कोणाला म्हणायचं? आणि बाजारभावाच्या तक्त्यातला 'सर्वसाधारण दर' यांतला कोणता?

सरासरी मीनलाच म्हणा. 'सरासरी काढ' म्हटलं की आपल्याकडे कोणीही बेरीज करून भागाकारच करतो. शब्द मूळचा फारसी, पण आता पुरता आपला झालाय. शालेय पुस्तकांत मीनला मध्य, मीडियनला (चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा) मध्यक आणि मोडला (सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा) बहुलक असे तीन शब्द आहेत. त्यातला 'मध्य' मला पटत नाही. रोजच्या बोलण्यात मध्य म्हणजे मधोमध, आणि मधोमध असतो तो मीडियन. एका 'क'वर एवढा भार टाकला की मुलांचा गोंधळ उडणारच. मध्यक आणि बहुलक मात्र खुशाल वापरा.

समजा, लिलावात सात वक्कलं (एकेका शेतकऱ्याच्या मालाचे ढीग) निघाली आणि क्विंटलचे दर लागले 400, 1000, 1000, 1300, 1500, 1800 आणि 4200. मीन येतो 1600, मीडियन 1300, मोड 1000. सातांपैकी पाच वक्कलांना 1600 सुद्धा मिळाले नाहीत, तरी सरासरी 1600! ती वर ओढली एकट्या 4200 च्या वक्कलाने. सरासरी वाचून गाडी भरून आणणाऱ्याच्या पदरी पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) भलतीच पडते ती यामुळे.

आता 'सर्वसाधारण दर'. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावाच्या संकेतस्थळावर या रकान्याला 'मोडल प्राइस' म्हणतात. म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो भाव. अर्थाने हा बहुलकाच्या जवळचा, सरासरीच्या नव्हे. बातम्यांत याच आकड्याला सर्रास 'सरासरी दर' लिहितात, ते चूक आहे. 'सर्वसाधारण' हा शब्द इथे नेमका बसलाय, आडतीवर सगळ्यांच्या तोंडी आहे, तो बदलू नका.

एक गोष्ट मात्र प्रोग्राममध्ये सांभाळा. वरच्या हिशेबात दोन क्विंटलचं वक्कल आणि पन्नास क्विंटलचं वक्कल सारखंच धरलं गेलं. खरी सरासरी हवी तर दराला वजनाची जोड द्या; तिला 'भारित सरासरी' म्हणतात. पायथॉन 3.11 पासून 'एफमीन' फंक्शनला दरांसोबत वजनांची यादीही देता येते. आणि दोन दर सारख्याच वेळा आले तर 3.8 पासून 'मोड' यादीत आधी आलेला दर देतो, दुसरा गाळतो. त्यापूर्वीच्या आवृत्त्या तिथे चूक दाखवून थांबायच्या. दोन्ही दर हवे असतील तर 'मल्टिमोड' वापरा.