मत बदललं म्हणून माणूस बदलत नाही

‘आधी भाजपला, मग आघाडीला आणि पुन्हा महायुतीला मत देणाऱ्याला उजवा म्हणायचं, पुरोगामी म्हणायचं की सरळ बिनबुडाचा लोटा?’ असा तुमचा प्रश्न आहे. ही तिन्ही लेबलं माझ्या आईला लागून झालीत, म्हणून लिहितेय.

आमचं गाव दिंडोरी लोकसभा मतदारसंघात, शेती कांद्याची. 2014 आणि 2019 ला आईने कमळाचं बटण दाबलं. मामा पक्के राष्ट्रवादीचे, ते तिला चारचौघांत ‘भक्त’ म्हणायचे. मग डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, ती ऐन लाल कांद्याच्या हंगामात. लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून भावाची वाट बघत बसता येत नाही. त्या हिवाळ्यात ट्रॅक्टर बाजार समितीत लावला, की मिळेल त्या भावाला देऊन यायचं. वडील घरी आले की हिशोबाची पट्टी न बोलता आईच्या हातात द्यायचे. मतदानाच्या तोंडावर, मे 2024 मध्ये, बंदी उठली, पण 40 टक्के निर्यात शुल्क लावूनच. आई म्हणाली, आता उठवून काय उपयोग, आमचा माल तर मातीमोल गेला. तिने तुतारीला, म्हणजे शरद पवारांच्या राष्ट्रवादीला मत दिलं. मामा खूश. ‘ताई, शेवटी पुरोगामी झालीस!’

नोव्हेंबरात विधानसभेला तिने महायुतीला मत दिलं. लाडक्या बहिणीचे पंधराशे तिच्या स्वतःच्या खात्यात येत होते, आणि ते काढायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. निकालाच्या दिवशी मामा घरी येऊन, सगळ्यांदेखत म्हणाले, ‘पंधराशेत विकली गेलीस. बिनबुडाचा लोटा आहेस.’ आई उठून आत गेली. मला ते अजून पचलेलं नाही.

कारण मामांचं काय? ज्या शिवसेनेला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, तिच्याच मांडीला मांडी लावून त्यांचा पक्ष 2019 मध्ये सत्तेत बसला. मामांनी फटाके वाजवले. त्यांना कुणी लोटा म्हटलं नाही. त्याच वर्षी ज्यांनी युती म्हणून सेनेला मत दिलं, त्यांचं मत महिनाभरात आघाडीच्या सरकारात जाऊन पडलं; ते मतदार तर जागचे हललेही नव्हते. इतके पक्ष फुटले, चिन्हं बदलली, तरी निष्ठेचा हिशोब मागायचा तो एका बाईकडे. पक्षांतरबंदी कायदा 1985 मध्ये आला तो आमदार-खासदारांसाठी. मतदाराने कुणाच्या निष्ठेची शपथ घेतलेली नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: काहीही म्हणू नका. ‘या वेळी अमक्याला मत दिलं’ एवढंच म्हणा आणि का दिलं ते विचारा. मामांनी आईला एकदाही विचारलं नाही. लेबल लावलं की विचारायची गरजच उरत नाही, आणि मग पुढच्या निकालाला हेच लोक तोंडात बोटं घालतात. लोकसभेला आघाडीच्या 48 पैकी 30 जागा, सहाच महिन्यांत महायुतीच्या 288 पैकी 230. एवढे लोक सहा महिन्यांत डावे होऊन परत उजवे झाले का?

अर्थात, जागांवरून मतदार किती फिरले ते मोजू नका. लोकसभेला दोन्ही बाजूंच्या मतांत टक्काभरही फरक नव्हता, आणि विधानसभेला मतदानही वाढलं होतं. शिवाय विचाराने एका पक्षाशी बांधलेले लोक असतातच. त्यांना त्यांचं लेबल लखलाभ. आणि पैसे घेऊन मत विकणारेही असतात, पण सरकारी योजनेचे पैसे म्हणजे मतदानाच्या आदल्या रात्री मिळालेलं पाकीट नव्हे. मामांना हा फरक चांगला कळतो, कारण शेतकरी कर्जमाफी त्यांनीही घेतली होती आणि त्यानंतर मतदानही केलं होतं.