ब्रिजमध्ये स्टेमन-ट्रान्सफरनंतर कुठलं कन्व्हेन्शन शिकावं आणि पार्टनरशी काय ठरवून घ्यावं?

ड्रुरी, बर्गन, लेबेनसोल या कन्व्हेन्शन्सपैकी (म्हणजे ठरीव अर्थाच्या बोली) आधी काय असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते सध्या यातलं काहीच नको. स्टेमन (टू क्लब्स बोलून चार पत्त्यांचे बदाम किंवा इस्पिक विचारणं) आणि ट्रान्सफर (खालचा रंग बोलून वरचा दाखवणं, जसं टू हार्ट्स म्हणजे पाच इस्पिकं) खेळता ना, मग वन नोट्रम्पवर (बिनहुकमी बोली) समोरच्याने मधेच डबल (दंड दुप्पट करणारी बोली) केला किंवा टू डायमंड्स म्हटलं तर हे दोन्ही चालू राहतात की बंद होतात, ते पार्टनरला आजच विचारा. बहुतेक जोड्या हे कधी बोललेल्याच नसतात.

आमचं तर बोलून झालं होतं तरी घोळ झाला. क्लबची टूर्नामेंट, मी वन नोट्रम्प (१५ ते १७ पॉइंट) उघडलं, डावीकडून डबल, पार्टनर टू हार्ट्स. आमच्या वहीत स्वच्छ लिहिलं होतं 'डबल आला तरी सगळं चालू' आणि लिहिताना हा बाबा शेजारी बसून हो हो म्हणत होता. त्यामुळे मी ट्रान्सफर धरून टू स्पेड्स केलं, तो थ्री हार्ट्स, आता ट्रान्सफरनंतर नवा रंग म्हणजे गेम फोर्सिंग (गेमपर्यंत थांबायचं नाही), माझ्याकडे इस्पिकं तीन, मी फोर स्पेड्स. डबल. डमी उघडली तर इस्पिकची एकटी तिर्री आणि बदाम सहा! दोघांत मिळून हुकूम चार, त्यांच्याकडे नऊ. व्हल्नरेबल (म्हणजे दंड जास्त), पाच डाउन, १४०० चा दंड.

वर मलाच ऐकवलं, डबलनंतर टू हार्ट्स म्हणजे बदामच, कॉमन सेन्स आहे, वही कशाला बघायची. अहो, तसंही खेळतात लोक, भरपूर खेळतात, पण मग तसं लिहा ना! दर आठवड्याला यूट्यूबवरून नवीन कन्व्हेन्शन आणायला वेळ होता, अर्धा तास वही घेऊन बसायला नव्हता. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी गोल्ड आणलं, ती जोडी वर्षानुवर्षं एकत्र खेळणारी. असा पार्टनर असेल तर बाकीचं सगळं शिकता येतं.

बाकी ठरवायचं म्हणजे, आपल्या वन हार्टवर टेकआउट डबल (पार्टनरला रंग बोलायला लावणारा) आला तर टू नोट्रम्प काय दाखवतं, निगेटिव्ह डबल (समोरच्याच्या बोलीवर न बोललेले रंग दाखवणारा) कुठल्या लेव्हलपर्यंत, कीकार्डला (एक्के आणि हुकमाचा राजा विचारताना) फाइव्ह क्लब्स म्हणजे शून्य-तीन की एक-चार, आणि वन नोट्रम्पवर थेट फोर नोट्रम्प हे एक्के विचारणं नाही, क्वांटिटेटिव्ह (जास्त पॉइंट असतील तर स्लॅम बोल, असं सांगणारं) आहे, हे दोघांनाही माहीत असणं. बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन ही साइट) दोघांनी नुसतं बिडिंगचं टेबल लावून हात बोलत बसा, जिथे अडाल ते वहीत टाका. टेबलावर मात्र भांडू नका, डाव संपल्यावर बोला.

रबर ब्रिज खेळत असाल, दर रबरला पार्टनर बदलत असेल, तर यातलं बरंचसं लागू नाही, तिथे सगळे साधंच खेळतात. आणि हो, जे ठरवाल ते सिस्टीम कार्डावर (आपल्या बोलींचे अर्थ लिहिलेला कागद) हवं, समोरच्यांनी विचारलं की सांगायला हवं, दोघांतच ठेवलेलं अ‍ॅग्रीमेंट नियमात बसत नाही.