डोकं दुखायलंय म्हणजे नंबर लागलाच काय?

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी किंवा नंतर लोक माझ्याकडे येऊन बसतात, आणि बेळगावातल्या शहापूर-वडगावचे असोत नाहीतर खानापूर तालुक्यातले, आईवडिलांचा प्रश्न बहुतेक एकच, "मॅडम, पोरगी डोकं धरून बसते, नंबर लागला असणार नव्हे?"

अशीच एक आई, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. पोरगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, सोबत नीटची तयारी, म्हणजे सकाळी कॉलेज, दुपारी क्लास आणि रात्री बारापर्यंत मोबाईलवर लेक्चर. कपाळ दुखायचं, डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी क्लासातून बाहेर पडलं की लांबचं धुरकट दिसायचं. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासलं तर मायनस नंबर निघाला, लगेच चष्मा बनवला, वर ब्लू कटचे, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणाऱ्या काचेचे, पैसे वेगळे. आणि चष्मा घातल्यावर डोकं अजून जास्त दुखायला लागलं, तेव्हा आई घाबरून तिला घेऊन आली, सोबत सातवीतला धाकटा भाऊ पण, त्याला घरी एकटं कुठं ठेवणार म्हणून.

मी तिला एकच विचारलं, सकाळी उठल्या उठल्या लांबचं कसं दिसतं गं? म्हणाली, "सकाळी बरं असतंय की, रात्रीच घोळ होतोय." इथंच अर्धं उत्तर असतं. मायनस नंबर असेल तर लांबचं धूसर सकाळीही आणि रात्रीही, रविवारीही. ताण असेल तर कामाबरोबर वाढतो, झोप झाली की उतरतो. जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आवळलेला असतो, तासन् तास तसाच राहिला की लांब बघताना पटकन सैल होत नाही. अशा डोळ्याला मशीनसमोर बसवलं तर नसलेला मायनस नंबरसुद्धा दिसू शकतो, लहान वयात जास्तच. म्हणून डॉक्टर थेंब घालून, तो स्नायू सैल करून परत तपासतात. थेंबांनी काही तास, कधी दिवसभर जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो, त्यामुळे गाडी चालवत जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी पेपर असताना तर अजिबात नको. (उलटंही होतं बरं का, प्लस नंबर, म्हणजे जवळचं बघायला डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो तो, लपलेला असतो आणि वाचताना डोकं दुखतं, तोही थेंबांनीच सापडतो. म्हणून नुसत्या माझ्या प्रश्नावर कुणी निकाल लावू नये.)

तिचा नंबर थेंबानंतर शून्य निघाला.

आई खूश, आणि ती उठायच्या तयारीत असताना मी भिंतीवरचा बोर्ड वाचणाऱ्या पोराकडे बघत होते. डोळे बारीक करून, मान तिरकी. ह्याची काही तक्रार? "छे, हा ठणठणीत, फक्त कन्नडात मार्क कमी, फळ्यावरचं उतरवताना चुका करतोय." मराठी मिडियमचा पोरगा, मराठी शब्द अंदाजानं जुळवत असणार, पण कन्नडातली प, व, म ही अक्षरं एकसारखी दिसतात, तिथं अंदाज चालत नाही. तपासलं तर दोन्ही डोळ्यांना खरोखरचा मायनस, थेंबानंतरही तसाच. त्याला लहानपणापासून तसंच दिसायचं, मग तक्रार कशाची करणार? डोकं पण दुखत नव्हतं! मला विचाराल तर कुरकुर करणाऱ्या पोरापेक्षा अशा गप्प पोराकडे आधी बघावं, टीव्हीजवळ सरकतोय का, बसचा बोर्ड बस जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही का.

आईचा चेहरा पडला, "एवढ्या लहान वयात घातला तर नंबर वाढतच जातोय म्हणतात." नाही वाढत चष्म्यानं. वय वाढतं, डोळा लांबतो म्हणून नंबर वाढतो, चष्मा न घातल्यानं तो थांबत नाही, नुसता फळा दिसत नाही. रोज उन्हाउजेडात खेळायला मात्र सोडा, त्यानं मायनस लागायचा धोका कमी होतो.

पोरीला काय सांगितलं? दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघ. मोबाईलऐवजी लेक्चर टीव्हीवर लावता आलं तर लाव. पंख्याचा झोत तोंडावर नको, आणि पापण्या मिटायची आठवण ठेव, स्क्रीनपुढे आपण नेहमीपेक्षा खूप कमी वेळा मिटतो आणि चुरचुर त्यानंच होते. ब्लू कटनं हा ताण कमी होत नाही, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यातही फारसा फायदा दिसला नाही, ते पैसे गेलेच समजा.

आणि हे सगळं हळूहळू होणाऱ्या त्रासाबद्दल. एकाएकी दिसणं कमी झालं, डोळा लाल होऊन ठणकला, विजेसारखं चमकलं किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर रात्र असली तरी डॉक्टरकडे, माझ्याकडे गप्पा मारायला नको.