क्षेत्रफळ जुळत नाही तेव्हा

लातूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे दोन्ही नकाशे मिळाले. एका नकाशात लेआउटमधल्या ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटचे क्षेत्रफळ ऑटोकॅड (नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर) १,७२,८०० दाखवते, दुसऱ्यात नाल्याकाठच्या शेताचे क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा १९ आर कमी भरते, आणि त्यामुळे सॉफ्टवेअरमध्येच बिघाड असावा अशी शंका तू व्यक्त केली आहेस. ती शंका मी सर्वांत शेवटी विचारात घेतो, कारण आपण जे काढले आहे त्याचे क्षेत्रफळ सॉफ्टवेअर सहसा अचूक देते. प्रश्न असतो तो आपण नेमके काय काढले आहे याचा.

रेषा पुसून पुन्हा काढायला बसण्याआधी आलेल्या आकड्याला अपेक्षित आकड्याने भागून पाहावे. प्लॉट १,२०० चौरस फुटांचा आहे. भागाकार बरोबर १४४ येतो, म्हणजे बारा गुणिले बारा. मूळ नकाशा इंचांत काढलेला आहे आणि आकडा फुटांचा समजून वाचला गेला, एवढाच घोळ आहे. भागाकार १०.७६४ च्या जवळ आला तर फूट आणि मीटर यांची गल्लत असते, १० लाख आला तर मीटरच्या जागी मिलिमीटर असतात, आणि ९२,९०३ च्या आसपास आला तर नकाशा मिलिमीटरांत असून तो फुटांत वाचला जात आहे. भागाकार असा ओळखीचा आला की आकारात दोष शोधत बसू नये. मात्र ‘युनिट्स’च्या खिडकीत इंचाऐवजी फूट निवडल्याने आधी काढलेल्या रेषा बदलत नाहीत. ती निवड प्रामुख्याने बाहेरून आणलेला ब्लॉक (तयार आकृती) किंवा नकाशा कोणत्या मापात बसवायचा हे ठरवते. संपूर्ण नकाशा निवडून ‘स्केल’ आज्ञेने एक बारांश करावा लागेल. त्यानंतर त्याच फाइलमध्ये ३३ फूट बाजूचा एक चौरस काढून मोज. १,०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा आला, तर एककाची चिंता मिटली.

स्कॅन केलेल्या जुन्या गावनकाशावरून रेषा ओढताना मात्र भागाकार १.०४ सारखा अर्धवट येतो. लांबीत दोन टक्के चूक झाली की क्षेत्रफळात चार टक्के होते, हे विसरले जाते. शिवाय जुना कागद उभा-आडवा सारखा आकसत नाही, म्हणून एकाच बांधाच्या लांबीवरून प्रमाण बसवू नये. एक पूर्व-पश्चिम आणि एक दक्षिणोत्तर अशी दोन ज्ञात अंतरे तपासावीत.

आता तुझ्या शेताकडे येतो. १ हेक्टर ६२ आर अपेक्षित असताना १ हेक्टर ४३ आर आले, भागाकार ०.८८ येतो आणि तो कोणत्याही एककाचा नाही. तेव्हा दोष आकारातच असणार. मी हद्दीच्या पॉलीलाइनवर, म्हणजे बिंदू जोडत काढलेल्या सलग रेषेवर, तिचा तपशील दाखवणारी ‘लिस्ट’ आज्ञा चालवून पाहिली, तर ती रेषा उघडी, म्हणजे दोन्ही टोके न जुळलेली, निघाली. उत्तरेच्या बांधाच्या टोकाला तू थांबलास आणि नाल्याच्या काठावर मोजणीत घेतलेले बिंदू नकाशात असूनही जोडायचे राहून गेले. उघड्या पॉलीलाइनचे क्षेत्रफळ काढताना ऑटोकॅड शेवटच्या बिंदूपासून पहिल्या बिंदूपर्यंत सरळ रेषा आहे असे गृहीत धरते, त्यामुळे नाल्याकडे पोट काढून गेलेला सगळा तुकडा वगळला गेला. लांबीत मात्र ती गृहीत रेषा धरली जात नाही. म्हणून क्षेत्रफळाबरोबर लांबीही नेहमी वाचावी आणि बांधांच्या मापांच्या बेरजेशी ताडून पाहावी; ती कमी भरली तर हद्द कुठेतरी सुटलेली आहे. काठाचे बिंदू क्रमाने जोडल्यावर मला १ हेक्टर ६० आर मिळाले.

बिंदूंचा क्रमही सांभाळावा. दोन क्रमांकांची अदलाबदल झाली की रेषा एकमेकींना छेदतात, आकाराला पीळ पडतो आणि एका बाजूचे क्षेत्र दुसऱ्या बाजूतून वजा होते. लहान पीळ दूरून दिसत नाही, जवळ जाऊन पाहावा लागतो. टोटल स्टेशनवरून (अंतर व कोन मोजणाऱ्या यंत्रावरून) आलेल्या बिंदूंना उंची असते, म्हणून त्यांना जोडलेल्या रेषा एका पातळीत नसतात आणि पॉलीलाइन नीट बनत नाही; हद्दीची वेगळी प्रत करून ती ‘फ्लॅटन’ने सपाट करावी, मूळ बिंदूंना हात लावू नये. जीपीएसवरील काम करशील तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. यूटीएम या पद्धतीत पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्यासाठी तिचे उभे पट्टे पाडतात; मराठवाड्याचा बहुतेक भाग त्यातल्या ४३ व्या पट्ट्यात आहे, पण किनवट ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला असल्याने ४४ व्या पट्ट्यात जाते. गंगापूर-वैजापूरकडे, ७५ अंशांच्या जवळ, यूटीएमवरील क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा हेक्टरी सुमारे ८ चौरस मीटर कमी येते. एका शेताला याने काही बिघडत नाही, पण तलावाच्या बुडीत क्षेत्राला बिघडते.

राहिलेल्या दोन आरांसाठी सातबारा पुन्हा उघड. १ हेक्टर ६२ आर ही एकूण बेरीज आहे की तुलनेत पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, धरण्या-वगळण्यात फरक झाला आहे, ते पाहा. नाल्याकाठच्या गटात पोटखराबा बहुधा असतोच. त्यानंतरही फरक उरला तर आकडा जुळवण्यासाठी बांधाची रेषा सरकवू नकोस. नकाशावर मोजून आलेले क्षेत्र आणि अभिलेखातील क्षेत्र दोन्ही लिही, आणि शेतकऱ्याला मोजणीच्या ‘क’ प्रतीची, म्हणजे सरकारी मोजणी नकाशाची, नक्कल आणायला सांग. ती आल्यावर त्यातील बांधांची मापे मला पाठव.

तुझा शुभचिंतक