पुष्कराज म्हणजे नक्की काय, टोपाझ की यलो सफायर?

प्रश्न असा आलाय की डिक्शनरीत पुष्कराज म्हणजे टोपाझ दिलंय पण रत्नांचे व्यापारी यलो सफायरला पुष्कराज म्हणतात, मग बरोबर कोण? माझ्या मते दोघंही, कारण हे नावच रंगावरून आलंय. संस्कृतात पुष्पराग म्हणतात आणि राग म्हणजे रंग. खड्याच्या आत कुठलं खनिज आहे हे त्या शब्दाला कधी सांगायचंच नव्हतं. टोपाझचं तरी काय, प्राचीन रोमन लेखक प्लिनीने ज्याला टोपाझ म्हटलंय तो तांबड्या समुद्रातल्या बेटावरचा हिरवा पेरिडॉट असावा असं जाणकार मानतात.

खरी फसगत विशेषण लावलेल्या नावांत होते. गोल्डन टोपाझ नावाने बऱ्याचदा 'सुनेला' नावाचा खडा, म्हणजे सिट्रीन हा पिवळा क्वार्ट्झ, विकतात आणि स्मोकी टोपाझ तर सरळ सरळ क्वार्ट्झ, टोपाझचा त्यात अंशही नाही! तसंच केप रुबी म्हणजे गार्नेट आणि बालास रुबी म्हणजे स्पिनेल. रत्नाच्या नावाआधी गाव किंवा रंग चिकटलेला दिसला की आधी खनिजाचं नाव विचारायचं, मी तर हे सगळ्यांना सांगत असतो.

आता यलो सफायर, टोपाझ आणि सुनेला असे तीन पिवळे खडे समोर ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी भलेभले चुकतात, पण वजन फसवत नाही. सुटा खडा हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा, आणि जेवढं वजन घटलं त्याने हवेतल्या वजनाला भागायचं. समजा हवेत 4 कॅरेट भरला आणि पाण्यात 3, तर उत्तर 4 येतं, म्हणजे कोरंडम हे खनिज, म्हणजेच सफायर. पाण्यात 2.87 च्या आसपास भरला तर उत्तर साडेतीनच्या जवळ, तो टोपाझ. आणि पाण्यात अडीच भरला तर उत्तर 2.65 च्या जवळपास, म्हणजे क्वार्ट्झ, आपला सुनेला. काटा मात्र बारीक वजन दाखवणारा हवा आणि खड्याला बुडबुडा चिकटलेला नको, नाहीतर आकडा हलतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वाकतो ते आकड्यात दाखवणारं यंत्र, असेल तर अजून सोपं, सफायर 1.76-1.77, टोपाझ साधारण 1.62, सिट्रीन 1.54-1.55.

पण लॅबमध्ये बनवलेला सफायरही पाण्यात तेवढाच भरतो आणि रिफ्रॅक्टोमीटरवर तेच आकडे देतो बरं का, तिथे मायक्रोस्कोपखाली आतल्या खुणाच बघाव्या लागतात. म्हणून बिलावर नुसतं पुष्कराज लिहून घेऊ नका, नैसर्गिक यलो सफायर आणि हीट ट्रीटमेंट (रंग सुधारायला खडा तापवणं) केलीय की नाही, एवढं स्पष्ट लिहून मागा.