वाचकांचे प्रश्न : मेसियाँचा काळा कस्तूर

प्रश्न : फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँचं ‘ल मेर्ल न्वार’ (काळा कस्तूर), ही पक्ष्याच्या गाण्यावरची फ्लूट-पियानोची रचना बसवतोय. फ्लटर-टंगिंगच्या (फुंकताना जीभ थरथरवण्याच्या) जागी खालच्या सप्तकात आवाजच निघत नाही. शिवाय सुरुवातीला फ्लूट एकटी वाजते, ती आलापासारखी मोकळी घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दुसरं आधी, कारण तिथेच रचना बिघडते. मोकळी मुळीच घेऊ नका. पॅरिस कॉन्झर्व्हेटॉयर या संगीत विद्यालयाच्या फ्लूट परीक्षेसाठी लिहिलेली ही रचना आहे आणि त्या कॅडेन्झात, म्हणजे फ्लूटच्या एकट्या भागात, पक्ष्याची लय काटेकोर लिहिलेली आहे. लहानात लहान स्वर एक मात्रा धरा, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवा आणि सगळे विराम मोजून घ्या. पक्षी एक तुकडा गातो, थांबतो, पुढचा तुकडा फेकतो. विराम आखडला की त्याच स्वरांचा नुसता व्यायाम होतो. लय अंगात मुरली की मेट्रोनोम बंद करा. लवचिकपणा त्यानंतर आपोआप येईल.

आता फ्लटर. आधी फ्लूटशिवाय लांब ‘र्रर्र’ म्हणा. जीभ दातांना नव्हे, दातांमागच्या उंचवट्याला सैल टेकलेली हवी. दातांवर दाबली की हवा अडते. जमलं की फक्त हेडजॉइंटवर (फ्लूटच्या फुंकायच्या तुकड्यावर), मग मधल्या सप्तकातल्या ‘जी’ या स्वरावर. खाली आवाज तुटतो तो यामुळे, की जीभ थरथरायला जोरदार हवा लागते आणि खर्जाला संथ. तिथे घशाने करा, गुळण्या करताना होतो तसा थरकाप पडजिभेपाशी. रोज पाच मिनिटं पुरेत. ओठ हलू लागले की थांबा.

प्रश्न : याच रचनेच्या शेवटच्या वेगवान भागात पियानोचा नुसता गोंगाट होतो आणि फ्लूट बुडते. पेडल (स्वर लांबवणारा पायपट्टा) कमी करू का?
– एक पियानोवादक, पणजी

उत्तर : पेडल कमी करू नका. तो धरून ठेवायचा आहे, एकात एक मिसळलेले स्वर हाच तिथला रंग आहे. बोटांचं वजन घटवा आणि पियानोचं झाकण छोट्या काठीवर ठेवा. फ्लूटवाल्यालाही सांगा, जोरात फुंकलं की सूर चढतो. पियानोचा सूर तर तसूभर हलणार नाही. एसी हॉलमध्ये थंड फ्लूट उतरलेली असते, म्हणून आधी सगळ्या कळा बंद करून तीत गरम हवा सोडायची आणि मग पियानोच्या ‘ए’ स्वराशी जुळवायचं.

प्रश्न : हा पक्षी आपल्याकडे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मेसियाँचा पक्षी युरोपातला. सह्याद्रीतला कस्तूर त्याचा जवळचा भाऊबंद. पूर्वी दोघांची जात एकच मानत, आता वेगळी धरतात. आपला कस्तूर पावसाळ्याच्या आगेमागे झाडावर बसून गातो. कॅडेन्झा बसवणाऱ्याने तो जरूर ऐकावा, विशेषतः दोन तुकड्यांमधला थांबा.