एक डोळा गेल्यावर पुन्हा फोटोग्राफी जमेल का?

जमेल. पण तुमच्या प्रश्नातला ‘कोणता कॅमेरा घेऊ’ हा भाग तूर्त बाजूला ठेवा.

म्युकरमध्ये, म्हणजे काळ्या बुरशीत, उजवा डोळा गेला, डावा शाबूत आहे, आधी लग्नं आणि पक्षी दोन्ही करायचो, आता भाऊ म्हणतो सगळं किट विकून टाक, एवढं तुम्ही लिहिलंय. त्यावरून सांगतो, अडचण फोटोत येत नाही, फोटोच्या आजूबाजूला येते. फ्रेम लावणं, उजेड ओळखणं, नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी कधी येणार याचा अंदाज, हे सगळं जिथल्या तिथे असतं. अवघड होतं ते लेन्स बदलणं, स्टेजच्या पायऱ्या उतरणं आणि उजवीकडून अचानक अंगावर येणारा वाढपी.

मीही २०२१ च्या त्याच उन्हाळ्यातला. जळगाव जिल्ह्यात लग्नाच्या ऑर्डरी घेतो. आधी कोरोना, मग स्टिरॉइड, चढलेली शुगर, आणि घरी आल्यावर गाल दुखायला लागला. उजवा डोळा आणि वरच्या जबड्याचा त्याच बाजूचा भाग काढावा लागला. बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी घरच्यांची झालेली धावपळ तुमच्याही घराने पाहिली असणार, म्हणून ते सोडतो.

लोक तुम्हाला सांगतील, ‘अरे, कॅमेऱ्यालाही एकच डोळा असतो.’ बऱ्या मनाने सांगतात. पण कॅमेऱ्याला मांडवातल्या वायरी ओलांडून जायचं नसतं, आपल्याला असतं.

नेमकं काय गेलंय ते आधी समजून घ्या, म्हणजे नको तिथे घाबरायला होत नाही. डाव्या डोळ्याची नजर डावीकडे शंभर अंशांच्या आसपास पोचते, पण उजवीकडे साठेक अंशांवर नाक आडवं येतं. म्हणजे उजव्या खांद्याजवळची एक पट्टी गेली, तीही मान वळवली की परत मिळते. दुसरं गेलं ते खोलीचं भान. दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, दोघांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. हा फरक हाताच्या टप्प्यात जोरात चालतो, पण वस्तू लांब गेली की झपाट्याने कमी होतो. त्यामुळे हतनूर धरणाच्या पाण्यावरचं बदक तुम्हाला जवळपास पूर्वीसारखंच दिसेल. कपात चहा ओतताना मात्र तो बशीत जाईल.

कॅमेऱ्याचंही तसंच. लेन्स बॉडीला लावणं पहिले काही महिने सुईत दोरा ओवण्यासारखं होतं. त्यावर उपाय म्हणजे डोळ्यावरचं काम बोटांवर द्यायचं. डाव्या अंगठ्याने लेन्सवरचा ठिपका चाचपायचा, उजव्या अंगठ्याने बॉडीवरचा, दोन्ही जवळ आणून टेकवायचं, मग फिरवायचं. फ्लॅश हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, सरकवताना आणि कार्ड घालतानाही हेच. घरी पलंगावर बसून, खाली गादी असताना सराव करा. आणि बेल्ट गळ्यात असल्याशिवाय कॅमेरा हातात घ्यायचा नाही. दुसऱ्याच्या हातात देताना तर तो ‘धरला’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही. टेबलाची कड आपल्याला वाटते तिथे नसते.

आता डाव्या डोळ्याने व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. आयुष्यभर उजव्याने पाहणाऱ्याला हे फार विचित्र वाटतं. एक तर पाहणारा डोळा बदलला म्हणून डायॉप्टरचं, म्हणजे ती खिडकी आपल्या नजरेला स्पष्ट करणारं, छोटं चाक पुन्हा जुळवावं लागतं. कित्येक जण ते विसरतात आणि ‘उरलेल्या डोळ्यालाही धूसर दिसतं’ म्हणून धास्तावतात. दुसरं, डावा डोळा लावला की नाक सरळ स्क्रीनवर येतं. बऱ्याच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत स्क्रीनवर बोट फिरवून फोकस पॉइंट हलवायची सोय असते, आणि नाक तेच काम आपल्याला न विचारता करतं. फोकस पॉइंट कोपऱ्यात जाऊन बसतो आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं. मेन्यूत जाऊन ती सोय बंद करा, किंवा कंपनीने दिलं असेल तर फक्त स्क्रीनच्या उजव्या भागापुरती चालू ठेवा.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. डाव्या डोळ्याने पाहताना कॅमेऱ्याची बॉडी आपल्या उजव्या गालावर येते, आणि माझ्यासारखा जबडा काढलेला असेल तर नेमकी तीच जागा दाब सहन करत नाही. म्हणून मी बरंचसं काम बाहेर उघडणाऱ्या स्क्रीनवर करतो. कॅमेरा छातीसमोर, बेल्ट मानेमागून ताणून धरलेला, कोपरं अंगाला चिकटलेली. फोटो हलत नाही, आणि समोरच्याला आपला चेहरा दिसत राहतो हा वरचा फायदा. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा घाम आणि डोळ्यावरची पट्टी यांचं जमत नाही, त्या दिवसांत तर चेहऱ्याला काहीच टेकू नये असं वाटतं.

सुरुवात कुठे करायची? लग्नात नाही, गर्दीत नाही. माझा सल्ला केळीच्या बागेचा. रावेर-यावलकडे असाल तर घरामागेच असेल. ओळीत उभी झाडं, पानामागे पान, सकाळचा तिरपा उजेड. खोलीचं भान ज्या खुणांवर पुन्हा बांधायचं असतं त्या सगळ्या तिथे एकत्र मिळतात. पुढचं पान मागच्याला झाकतं, लांबची झाडं लहान दिसतात, सावली जमिनीचा चढउतार दाखवते. आणि सगळ्यात मोठी खूण हालचालीची. डोकं वीतभर डावीकडे-उजवीकडे न्या, जवळचा घड जास्त सरकेल, लांबचं झाड कमी. हीच आता आपली दुर्बीण आणि टेप. पहिल्यांदा मुद्दाम करावं लागतं, नंतर मान आपोआप हलायला लागते. बघणाऱ्याला वाटतं आपण कशाला तरी नाही म्हणतोय. तिथे पाहायचं एकच, ठिबकच्या नळ्या. पाय अडकतो.

याच बागेत एक गोष्ट लक्षात येईल. दोन डोळ्यांनी पाहताना पुढचं डोकं आणि मागचा खांब मेंदू वेगळे ठेवतो, म्हणून डोक्यातून खांब उगवलेला फोटो घरी आल्यावर कळतो. एका डोळ्याला ते दोन्ही जागेवरच चिकटलेले दिसतात. माझ्या फ्रेममागचा पसारा आजारानंतर कमी झाला तो यामुळे. डोळा जाणं चांगलं असं मी म्हणत नाहीये, कोणी म्हटलं तर उठून जातो. पण हे खरं आहे.

थोडं विषयांतर, पण आपल्या भागातलं आहे. भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे, मृत्यू १८७९. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १८४४ साली नेमलं होतं. त्या नकलांपैकी बऱ्याच पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. हा गडी कॅमेराही चालवायचा, तोही स्टिरिओ. एकाच दृश्याचे किंचित अंतरावरून घेतलेले दोन फोटो, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्यासाठी. त्याचे असे शंभर स्टिरिओ फोटो १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. आपल्यासारख्याला ती जोडी स्टिरिओच्या दोन भिंगांच्या पेटीतून बघून काही उपयोग नाही. पण दोन्ही फोटो मोबाईलवर घेऊन एकामागून एक पटापट उलटसुलट करा. पुढचा खांब हलतो, मागची भिंत थांबते आणि लेणं खोल होतं. मान हलवून आपण करतो ते हेच. मला हे सापडलं त्या रात्री बायको दोनदा ओरडली, झोपा म्हणून.

पक्ष्यांचं सांगतो. लांब लेन्सवर पूर्वी आपण एक डोळा व्ह्यूफाइंडरला आणि दुसरा उघडा ठेवून उडता पक्षी शोधायचो. ते गेलं. आता झूम आखूड ठेवून पक्षी फ्रेममध्ये घ्यायचा आणि मग ओढायचं, किंवा हॉट शूवर बसणारं डॉट साइट वापरायचं. त्यातला लाल ठिपका एका डोळ्यानेही दिसतो. मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घ्याच. वजनासाठी तर घ्याच, पण धरणाच्या दगडी उतारावर पुढचा दगड किती खाली आहे ते त्याच्या टोकाने आधी कळतं.

लग्नाचा नियम एकच, आंधळी बाजू कधी मोकळी सोडायची नाही. उजवीकडे भिंत, खांब किंवा आपला माणूस हवा. वरातीत मी असिस्टंटला उजव्या खांद्याला लावून चालतो, ड्रोनवाल्यापेक्षा त्याला जास्त पैसे देतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढायला गेलात तर हे दुप्पट पाळा, घोडा हॉर्न देत नाही. डीजेच्या लेझरकडे तोंड करून उभं राहायचं नाही. सेन्सर जळतो, आणि डोळ्याचं तर बोलायलाच नको.

कारण आता स्पेअर नाही. नंबर असो-नसो, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत. हळदीत, होळीत, मोटारसायकलवर सगळीकडे. शुगर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा, दिसतंय म्हणून टाळायचं नाही. एडिटिंगला बसलात की दर वीस मिनिटांनी उठून गॅलरीतून लांबचं काहीतरी बघा. उरलेला डोळा दोघांचं काम करून ‘झिजतो’ ही समजूत मनातून काढा, तसं होत नाही. पण कोरडा होतो, थकतो.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दलही विचारलंय. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा उत्तम असेल तर मोजणीत ३० टक्के बसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोकरीतल्या आरक्षणासारख्या गोष्टींसाठी किमान ४० लागतात. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, पण त्यावर घरखर्चाचा हिशोब मांडू नका.

आता भाऊ. त्याला सांगा, वर्षभर थांब. डोळा गेलेल्याला सरावायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर काय ठेवायचं आणि काय काढायचं हे तुम्हालाही कळणार नाही. नवीन बॉडी घ्यायचीच झाली तर उघडणारी स्क्रीन आणि माणसाचा डोळा ओळखून फोकस धरणारी घ्या, बाकी आकड्यांकडे बघू नका. ७०-२०० एफ २.८ सारखी दीड किलोची लेन्स शेवटपर्यंत विकू नका. लांबून काम करता येणं ही आता चैन राहिलेली नाही.

पहिली ऑर्डर साखरपुड्याची घ्या. दिवसाची, हॉलमधली, ओळखीच्यांकडची. लोक बोलतील. एका नवरदेवाच्या मामाने माझ्यासमोरच असिस्टंटला विचारलं होतं, “याले दिखस का रे भो?” पोरगा म्हणाला, “तुमनापेक्षा जास्त दिखस,” आणि मामा जेवायला गेले. त्याहून वाईट म्हणजे सहानुभूती दाखवत रेट पाडून मागणारे, ‘तुमचा हात पुन्हा बसेल या निमित्ताने’ म्हणणारे. त्यांना आजाराआधीचाच रेट सांगा आणि ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख लिहून घेऊ नका.